उभ्या गाडीचा धडा

यंत्रास वाचा नसते असे आपण म्हणतो; परंतु ज्याने जुन्या मोटारीचे इंजिन हिवाळ्याच्या पहाटे चालू केले आहे, त्यास हे म्हणणे पटावयाचे नाही. यंत्र खोकते, रुसते आणि प्रसंगी मालकाची चारचौघांत फजितीही करते. आमची तशी फजिती २००९ च्या उन्हाळ्यात झाली. शाळा सोडून आम्हांस चार वर्षे झाली होती. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच आटोपली होती. आणि जगातील कोणतेही यंत्र आपणांस समजते, अशी आमची प्रामाणिक समजूत होती.

आमच्या हैदराबाद शहरास मोटारींचे वेड जुनेच. चौमहल्ला राजवाड्यात १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉइस अजून पाहावयास मिळते. पुढे २०१० साली बहादूरपुऱ्यात तर चेंडूच्या व बुटाच्या आकाराच्या चालत्या गाड्यांचे एक संग्रहालयच उघडले. या हवेत वाढलेल्या आम्हांस घरच्या अँबॅसडर गाडीत काही सुधारणा करण्याची इच्छा झाली, तर त्यात नवल ते कोणते? १४८९ घनसेंटिमीटरचे ते साधे, सोशीक इंजिन. आजीची दरवर्षीची तुळजापूरची वारी त्याच्याच भरवशावर होत असे. त्याची ताकद वाढवावी म्हणून आम्ही राणीगंजच्या बाजारातून एका मोठ्या गाडीचा जुना कार्बोरेटर आणला. त्याची भोके आमच्या इंजिनाशी जुळेनात. तेव्हा अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी घरीच कापली, कानशीने घासली आणि ती मध्ये घालून कार्बोरेटर बसविला. गाडी रस्त्यावर वाऱ्यासारखी धावली. आम्ही कृतार्थ झालो!

परंतु नारायणगुड्याच्या चौकात लाल दिवा लागला आणि खरा प्रकार उघडकीस आला. गाडी उभी राहताच इंजिनाचा आवाज चढे, पुन्हा उतरे, पुन्हा चढे; आणि अखेर एक आचका देऊन ते बंद पडे. मागे भोंग्यांचा कल्लोळ होई. वेगाचा स्क्रू पिळून आम्ही इंजिन जबरदस्तीने जोरात चालू ठेवले, तर पेट्रोल पाण्यासारखे जाऊ लागले. मग एकाच दुपारी प्लग, पॉइंट, कंडेन्सर आणि पेट्रोलची नळी असे सारेच बदलले. गुण तर आला नाहीच. उलट कशाने काय झाले, हे कळण्याचा मार्गही बंद झाला.

अशा वेळी मनुष्य दुसऱ्याचा दोष शोधू लागतो. काचीगुड्याच्या एका गल्लीत वडिलांच्या ओळखीचे वृद्ध उस्ताद मोटारी दुरुस्त करीत. दिवाळीत पॉइंट त्यांनीच बसविले होते. आम्ही सरळ त्यांच्याकडे गेलो आणि पाच-सहा गिऱ्हाइकांच्या देखत म्हणालो, "उस्ताद, आपल्या हातानेच ही गाडी बिघडली." त्यांनी हातातील पाना खाली ठेवला, फडक्याने हात पुसले आणि काहीही न बोलता ते दुसऱ्या गाडीकडे वळले. ते मौन आम्हांस त्यांच्या अपराधाची कबुली वाटली!

घरी येऊन आम्ही इंजिनातील निर्वात मोजण्याचे घड्याळ लावले. पुस्तकात लिहिले होते की, निरोगी इंजिनात सुई सतरा ते एकवीस इंचांवर स्थिर असावी. आमची सुई बारांच्या आसपास लटपटत होती. आम्ही निदान जाहीर केले : व्हॉल्व्ह गेले, रिंगा गेल्या, इंजिन संपूर्ण खोलावे लागणार. खर्चाचा आकडा ऐकून वडील क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "मग विकूनच टाकू." आजी तेथेच बसली होती. ती काही बोलली नाही. परंतु त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी वडील आम्हांस म्हणाले, "विकण्यापूर्वी एकदा उस्तादांना दाखवून ये. त्यांना काय बोललास ते मला कळले आहे."

आम्ही खाली मान घालून गेलो. उस्तादांनी कालचा विषय काढला नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला : "तुम आख़िर में क्या बदले?" आम्ही कार्बोरेटरची हकीकत सांगितली. त्यांनी इंजिन चालू करविले, सुईच्या पिचकारीत पाणी भरले आणि कार्बोरेटरखालच्या सांध्यावर थेंब थेंब सोडीत गेले. आमच्या पट्टीच्या मागच्या कोपऱ्यावर थेंब पडताच तो आत ओढला गेला आणि इंजिनाचा सूर क्षणभर सरळ झाला. तेथूनच हवा आत शिरत होती!

मग पट्टी काढून त्यांनी ती खिडकीच्या काचेवर ठेवली. एका कोपऱ्याखाली सहा थौची, म्हणजे इंचाच्या सहा हजारांशांची, पट्टी सहज सरकली. ती खोट आमच्याच कानशीची होती.

एवढ्याशा फटीने एवढा अनर्थ का व्हावा? पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते. गाडी उभी असताना कार्बोरेटरची झडप जवळजवळ बंद असते. आत निर्वात अधिक आणि हवा थोडीच. त्या थोड्या हवेत चोरवाटेची हवा मिसळली की मिश्रण विरळ होते आणि ठिणगी पडूनही ते धड पेटत नाही. धावताना झडप उघडी असते, हवेचा लोट मोठा असतो. त्यात ही चोरी जाणवतही नाही. उस्ताद म्हणाले, "दौड़ते में सबका ऐब छुप जाता. खड़े तो मालूम पड़ता."

एमरी कागद काचेवर पसरून त्यांनी ती पट्टी आमच्याकडूनच तासभर घासून घेतली. नवे पॅकिंग घातले. मग पॉइंटची फट पंधरा थौ, प्लगची पंचवीस, आणि सर्वांत शेवटी मिश्रणाचा स्क्रू. एका वेळी एकच गोष्ट, आणि प्रत्येकीनंतर इंजिनाचा आवाज ऐकणे. सुई सोळांवर येऊन स्थिर झाली. पुस्तकात तर सतरा होते! आम्ही शंका काढली. उस्ताद हसले : "बेजवाड़े में सुई ऊपर रहती, यहाँ नीचेइच रहती. ये शहर ऊँचा है." हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे अठराशे फूट उंच, दर हजार फुटांस सुई साधारण एक इंच उतरते, हे आम्हांस नंतर पुस्तकाच्या तळटीपेत आढळले. ती तळटीप आम्ही वाचलीच नव्हती.

तोवर दुकानात माणसे जमली होती. आदल्या दिवसाचे दोघेही त्यांत होते. आरोप चारचौघांत केला होता. तेव्हा क्षमाही चारचौघांतच मागणे प्राप्त होते. आमचा कंठ कोरडा पडला, तरी शब्द निघाले : "उस्ताद, चूक आमची होती. काल आम्ही खोटे बोललो." त्यांनी इराणी चहाचा पेला आमच्या हाती दिला आणि म्हणाले, "अब आया ना काम? बस."

गाडी विकली गेली नाही. त्या वर्षी आजी तिच्यातूनच तुळजापुरास गेली. २०१४ साली अँबॅसडरचे उत्पादन थांबले. उस्तादांचे दुकानही आता त्या गल्लीत राहिलेले नाही. परंतु प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे या शाळेच्या प्रयोगशाळेत आठव्या इयत्तेत शिकविले गेले असता, ते आम्हांस समजले मात्र त्या तेलकट फरशीवर. आणि दुसऱ्यास दोष देण्यापूर्वी आपण शेवटी काय बदलले, हे आधी आठवावे, हेही तेथेच. अजून कधी राग आला की आम्ही क्षणभर उभे राहतो आणि कोठून हवा शिरते आहे ते पाहतो. बहुधा तो सांधा आपल्याच हातचा निघतो.