तामलवाडी : तीन विद्यापीठांच्या वाटेवरचे गाव

सोलापूरची वस्ती मागे पडली की तुळजापूरचा रस्ता हळूहळू चढणीला लागतो. दोन्ही बाजूंना ज्वारी, तूर आणि सोयाबीनची शेते, अधूनमधून द्राक्षांचे मांडव, आणि मग जिल्ह्याची हद्द ओलांडताच तामलवाडी. सोलापूर आणि तुळजापूर यांच्या जवळजवळ मध्यावर वसलेले हे गाव बहुतेक प्रवाशांना टोलनाक्यामुळे ठाऊक असते. कोजागिरीच्या सुमारास सोलापूरकडून पायी निघालेल्या भाविकांनी हा रस्ता इतका भरून जातो की वाहने दुसऱ्या मार्गाने वळवावी लागतात. कुंथलगिरीच्या सिद्धक्षेत्राकडे किंवा धाराशिवच्या लेण्यांकडे निघालेले सोलापूरकडील जैन यात्रेकरूही याच रस्त्याने जातात. पण तामलवाडीला उतरण्याचे कारण त्यांना क्वचितच पडते.

मात्र ज्या घरात दहावीचे मूल आहे, त्या घराने या गावाकडे थोडे थांबून पाहावे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने अकरावीला कोठे नाव घालावे, हा प्रश्न महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी इतका गुंतागुंतीचा असेल. या गावातून एक वाट सोलापूरला जाते, दुसरी धाराशिवला आणि तिसरी तुळजापूर-औशावरून लातूरला. तिन्ही शहरे तीन वेगवेगळ्या विद्यापीठांच्या क्षेत्रांत येतात. सोलापूर हे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचे, धाराशिव हे छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे, आणि लातूर हे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे.

ही विभागणी आजची असली तरी तिच्यामागची रेषा जुनी आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तुळजापूरचा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सोलापूर मुंबई इलाख्यात. तामलवाडीच्या शिवाराजवळून दोन राज्यांची सीमा जात होती. संस्थानात उच्च शिक्षण म्हणजे १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ, आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू. मराठीतून शिकू पाहणाऱ्या मुलाला सीमा ओलांडून सोलापूर गाठणे हाच सोयीचा मार्ग होता. याच जिल्ह्यात हिप्परगा येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखले गेलेले शिक्षक तेथे मुख्याध्यापक झाले, त्यामागेही हीच उणीव होती. सीमा गेली, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आणि २००४ साली सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले. पण जुनी रेषा प्रवेशाच्या नियमांत आजही उमटलेली आहे.

ती कशी, हे अनेक पालकांना फार उशिरा कळते. अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राज्यस्तरीय प्रवेशात 'होम युनिव्हर्सिटी' नावाची एक बाब असते. ज्या महाविद्यालयांना ही विभागणी लागू आहे, तेथील ७० टक्के जागा त्या विद्यापीठ क्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी आणि ३० टक्के बाहेरच्यांसाठी असतात. महाराष्ट्रातूनच दहावी-बारावी झालेल्या विद्यार्थ्याचे क्षेत्र त्याच्या घराच्या पत्त्यावरून ठरत नाही. तो बारावी ज्या कनिष्ठ महाविद्यालयातून उत्तीर्ण होतो, त्याच्या स्थानावरून ठरते. म्हणजे तामलवाडीच्या एकाच गल्लीतील दोन मुले, एक सोलापुरात आणि एक तुळजापुरात अकरावीला गेली, तर दोन वर्षांनी ती दोन वेगळ्या रांगांत उभी राहतात. शिकवणी लातूरला आणि नाव मात्र गावाजवळच्या महाविद्यालयात, अशी व्यवस्था करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे : रांग नावाच्या ठिकाणावरून ठरते, शिकवणीच्या नव्हे. वैद्यकीय प्रवेशात मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांतील ७०:३० ची विभागणी होती, ती २०२० साली रद्द झाली. तेथे नीटच्या ७२० गुणांपैकी मिळालेले गुण आणि राज्याची यादी हाच आधार. स्वायत्त संस्थांचे नियम निराळे असू शकतात, म्हणून त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचणे हे कापसाचा सौदा करण्यापूर्वी नमुना पाहण्याइतकेच आवश्यक आहे.

व्यापारी घरात या प्रश्नाला आणखी एक पदर असतो. महामार्गाच्या गावात धान्य, किराणा, बी-बियाणे किंवा कापडाचे दुकान असलेले एखादे जैन कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. कन्या दहावीला आहे. तिला गणित आवडते. आजोबांना वाटते, घरच्या दुकानाचा हिशेब पाहील इतके शिक्षण पुरे. वडिलांना वाटते, लातूरला ठेवले तर डॉक्टर होईल. नातेवाइकांची मुले तेथेच आहेत. आईला चिंता वेगळीच : खानावळीत कांदा-बटाटा टाळून जेवण मिळेल का, सूर्यास्तापूर्वी मुलीचे जेवण होईल का, पर्युषणात तिची परीक्षा आली तर उपवास कसे निभतील. मुलीला कोणी विचारलेलेच नसते. निकाल लागतो, अर्जाचे दिवस थोडे असतात, आणि दुकानातील गिऱ्हाइकांच्या गर्दीत, कोणाच्या तरी सांगण्यावरून, दोन वर्षांचा आणि कदाचित आयुष्याचा निर्णय होऊन जातो.

अशा घरांची ही अडचण नवी नाही, आणि समाजाने तिच्यावर उपायही फार पूर्वी शोधला होता. मुंबईत शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग, आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ साली सुरू झालेले महावीर जैन विद्यालय, कोल्हापूरचे दिगंबर जैन बोर्डिंग : आपल्या आचाराला न सोडता मुलाने शहरात शिकावे, यासाठी हे उभारले गेले. कोल्हापूरच्या बोर्डिंगात राहिलेले भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाहीत. पण त्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि वसतिगृहाची ती कल्पना सर्व जातीधर्मांच्या मुलांसाठी खुली केली.

सोलापूर तर या बाबतीत अधिकच जवळचे. १८८२ साली याच शहरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांचे महाविद्यालयीन शिक्षण अपुरे राहिले. घरच्या कापूस व सावकारी व्यवसायात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची ठेकेदारी धरली आणि पुढे जहाज, विमान व मोटार या तिन्ही उद्योगांत पाय रोवला. हे उदाहरण 'शिकून काय करायचे' असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी नेहमी येते. परंतु त्यांच्या कारखान्यांना आणि गोद्यांना अभियंते लागले, हिशेबनीस लागले, कायदा जाणणारे लागले. आणि आज त्यांच्याच नावाने सोलापुरात कला-विज्ञान महाविद्यालय व तंत्रशास्त्र संस्था, तर सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय उभे आहे. पदवीवाचून मोठ्या झालेल्या माणसाच्या नावाने समाजाने पदवीची दारे उघडली, यातला अर्थ आजोबांच्या पिढीनेही ध्यानात घ्यावा.

मग तामलवाडीच्या त्या कन्येने काय करावे? पहिले काम नववीतच करायचे, आणि ते कागदाचे. शाळेच्या सर्वसाधारण नोंदवहीत धर्माच्या रकान्यात काय लिहिले आहे, ते वडिलांनी स्वतः जाऊन पाहावे. २०१४ च्या जानेवारीत केंद्र सरकारने जैन समाजाला राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. पण पुष्कळ घरांतील दाखल्यांवर अजूनही 'हिंदू जैन' किंवा केवळ 'हिंदू' असे असते. अल्पसंख्याक जागांसाठी वा शिष्यवृत्तीसाठी अर्ज करताना हाच दाखला पाहिला जातो. मूल शाळेत असताना मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्ती करता येते. शाळा सोडल्यानंतर तेच काम कितीतरी अवघड होते. नाव, आडनाव आणि जन्मतारीख आधारकार्डाशी जुळते का, हेही त्याच वेळी तपासावे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र वेळेत काढावे. २०२४-२५ पासून अशा घटकातील मुलींना शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला तहसिलीतून मिळतो, आणि तहसील तुळजापूरला आहे. निकालानंतर तेथे गर्दी असते.

दुसरे काम दहावीच्या वर्षातले : विषयांचा विचार. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले. अर्जात दहापर्यंत महाविद्यालयांचा पसंतीक्रम देता येतो. पण पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेच घ्यावे लागते. म्हणून पहिला क्रमांक कोणाच्या सांगण्यावरून लिहू नये. अकरावीला गणित सोडले तर अभियांत्रिकीची वाट बंद होते, जीवशास्त्र सोडले तर वैद्यकाची. आणि वाणिज्य शाखेत गणित घेणे ऐच्छिक असले तरी पुढे अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्राकडे वळायचे तर ते हवेच. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत साधारण २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा असतो. तेव्हा 'अकरावी म्हणजे विश्रांती' हा समज महागात पडतो.

तिसरे, वाणिज्याकडे कमीपणाने पाहू नये. सनदी लेखापालाच्या फाउंडेशन परीक्षेत चार विषय, ४०० गुण. प्रत्येक विषयात ४० आणि एकूण ५० टक्के मिळवावे लागतात. दहावीनंतर तात्पुरती नोंदणी होते, परीक्षा बारावीनंतर देता येते, आणि ती आता वर्षातून तीनदा होते. सोलापुरात लेखापालांच्या संस्थेची शाखा आहे. गणित आवडणाऱ्या, संध्याकाळी घरी जेवायला येऊ शकणाऱ्या मुलीला ही वाट जवळची आहे, आणि दुकानाचा हिशेब पाहण्याची आजोबांची इच्छाही तीत सामावते.

अर्थात जवळची वाट हीच योग्य वाट, असे नाही. लातूरच्या महाविद्यालयांनी घडवलेली अभ्यासाची शिस्त खरी आहे; तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे केंद्र आहे; धाराशिवला २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तामलवाडीतच बालाजी अमाइन्सचा रासायनिक कारखाना आहे, म्हणजे रसायनशास्त्र शिकलेल्याला लागणारे काम गावाच्या वेशीवरही असू शकते. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा ८४ किलोमीटरचा लोहमार्ग पुरा झाल्यावर दररोज ये-जा करून शिकणे आजच्यापेक्षा सोपे होईल. निर्णय कोणताही असो. तो मुलीच्या आवडीला, घराच्या ऐपतीला आणि नियमाच्या कागदाला एकत्र बसवून, वेळ हाताशी असताना झाला पाहिजे.

व्यापारी माणूस मालाची खरेदी हंगामाआधी करतो. दिवाळीत वहीपूजन झाले की नव्या वहीच्या पहिल्या पानावर तो शुभ-लाभ लिहितो आणि कोणाचे येणे, कोणाचे देणे, हे मांडतो. मूल आठवीत असताना तशीच एक वेगळी वही दुकानाच्या गल्ल्यात ठेवावी. तिच्यात दाखल्यांच्या तारखा, परीक्षांचे शुल्क, तिन्ही शहरांतील महाविद्यालयांची नावे, राहण्याजेवण्याचा अंदाजी खर्च हे वडिलांनी लिहावे. आणि पहिले पान मात्र मुलीसाठी कोरे सोडावे. तिला काय व्हायचे आहे, ते तिने आपल्या अक्षरात तेथे लिहावे, आवश्यक वाटल्यास खोडून पुन्हा लिहावे. निकालाच्या दिवशी दुकानात कितीही गर्दी असली, तरी अर्ज भरण्यापूर्वी ते पान एकदा सर्वांनी मिळून वाचावे.