वेष्टनावरचा पत्ता

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

जॅझ सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीच्या ‘मर्सी, मर्सी, मर्सी’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर तुमच्या शिकागोतील ज्या ‘द क्लब’चा निर्देश आहे, तेथे तिच्यातील मैफल झालीच नव्हती. १९६६ च्या ऑक्टोबरात हॉलिवूडला, कॅपिटॉल कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात, निमंत्रित श्रोते बसवून व त्यांच्या मद्यपानाची यथास्थित तजवीज करून ती घडविण्यात आली, आणि शिकागोतील एका स्नेह्याच्या जागेचा बोलबाला व्हावा म्हणून वेष्टनावर तसा मजकूर छापला गेला. याला लबाडी म्हणायचे तर खुशाल म्हण. परंतु टाळ्या अस्सल आहेत, आणि त्या मिळविण्याची विद्या ॲडर्लीने शाळेत संपादन केली होती.

१९२८ साली फ्लोरिडातील टॅम्पा येथे शिक्षक दांपत्याच्या पोटी जन्मलेला हा ज्यूलियन ऊर्फ कॅननबॉल ॲडर्ली फोर्ट लॉडरडेलच्या डिलर्ड विद्यालयात मुलांना वाद्यवृंद शिकवीत असे. १९५५ साली तो न्यूयॉर्कला आला आणि कॅफे बोहेमियात ऑस्कर पेटीफर्डच्या ताफ्यात आयत्या वेळी आल्टो सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला, तेव्हा आल्टोचा सम्राट चार्ली पार्कर निवर्तून काही महिनेच लोटले असल्याने रसिकांनी ती रिकामी गादी परस्पर त्याच्या नावे करून टाकली. पुढे माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या ध्वनिमुद्रिकेत त्याने वाजविले, हे तू जाणतोसच. धाकटा भाऊ नॅट याच्या कॉर्नेटसह त्याने जो स्वतःचा संच उभारला, त्यात मात्र कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भजनांचा आवेश व ब्लूजची आर्तता एकवटली, आणि प्रत्येक रचनेपूर्वी, मास्तरांनी धडा समजावून द्यावा तशा प्रसन्नतेने, तो श्रोत्यांशी बोलत असे.

मौज अशी की, १९६७ साली अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत ११ व्या क्रमांकापर्यंत चढलेली ‘मर्सी, मर्सी, मर्सी’ ही रचना त्याची नव्हेच. ती व्हिएन्नाहून आलेल्या जो झाविनुलची, आणि तीत झाविनुलच्या विद्युत पियानोला पुढे बसवून नायक स्वतः भावासमवेत नुसता मुखडा वाजवीत राहतो. आपल्याकडच्या किती बुवांना हे सोसले असते, देव जाणे!

अवघ्या ४६ व्या वर्षी, ८ ऑगस्ट १९७५ रोजी, पक्षाघाताने तो गेला, तोही तुमच्या शेजारच्याच गॅरी गावी. तेव्हा ‘द क्लब’साठी शिकागोच्या गल्ल्या धुंडाळण्याऐवजी १९५९ ची सॅन फ्रान्सिस्कोच्या जॅझ वर्कशॉपमधील त्याची ध्वनिमुद्रिका पैदा कर. तिच्या वेष्टनावरचा पत्ता खरा आहे.

तुझा,
काका