घोळीसारखी दिसते, पण घोळ नव्हे

आमच्या बदनापूरला पावसाळा लागला की तुरीच्या ओळींमधून घोळ पसरते. लहानपणापासून तिची आंबटसर भाजी खाल्लेली. त्यामुळे ती आपल्याला ओळखते आणि आपण तिला, असा माझा समज होता. गेल्या वर्षी ऐरोलीला भावाकडे गेले असता तो समज गळून पडला.

ठाण्याच्या खाडीकाठी चिखलावर मांसल पानांचा हिरवागार गालिचा पसरला होता. मी आनंदाने मूठभर खुडून घरी आणले. आईला उच्च रक्तदाबाचा त्रास. तिला माहेरची भाजी मिळेल, एवढाच विचार मनात होता. आईने जुडी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "अगं, घोळीचं फूल पिवळं असतं ना? हे गुलाबी कसं?"

या प्रश्नाने भाजी चुलीवर चढण्याआधीच थांबली. ती वनस्पती होती सेसुव्हियम पोर्च्युलॅकास्ट्रम. इंग्रजीत तिला समुद्री घोळ अशा अर्थाचेच नाव आहे. घोळ एका हंगामात बी टाकून संपते. ही मात्र बहुवर्षायू आहे. तिचे खोड जमिनीवर सरपटते आणि पेरापेरांतून मुळे धरते. घोळीची पाने फांदीच्या टोकाशी झुबक्याने येतात, हिची समोरासमोर जोडीने. घोळीच्या फुलाला खऱ्या पाकळ्या असतात. हिच्या ताऱ्यासारख्या फुलाला त्या नसतातच. पाकळ्या वाटतात ती पाच दले बाहेरून हिरवी आणि आतून गुलाबी असतात.

फसणारी मी पहिली नव्हे. १७५३ मध्ये खुद्द लिनिअसने तिला घोळीच्याच प्रजातीत ठेवले होते. १७५९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. आज तिचे कुल आयझोएसी मानले जाते. गंमत अशी, की याच कुलातला विषखापरा आमच्या शेतात तण म्हणून माजतो, आणि पुष्कळ लोक त्याला पुनर्नवा समजून घरी आणतात. पुनर्नवा तर तिसऱ्याच कुलातली!

आता हे सारे कुटुंबाच्या आरोग्याशी कसे निगडित आहे, ते पाहा. समुद्री घोळ मिठाच्या चिखलात जगते ती मीठ पानांत साठवून. काही किनारी देशांत ती भाजी म्हणून खातातही. परंतु प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाबाच्या रुग्णाच्या ताटात असे लपलेले मीठ नको. शिवाय ही वनस्पती मातीतील जड धातू शोषून घेते. शहरालगतच्या खाडीतील पाला म्हणूनच टाळावा. आपली नेहमीची घोळही ऑक्झॅलिक आम्लामुळे आंबट असते. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी वैद्यांना विचारूनच ती खावी.

आपणही रानभाजी आणाल, तेव्हा केवळ पानावर विसंबू नका. पानांची मांडणी, फुलाचा रंग, खोडाची मुळे आणि उगवण्याची जागा, ही चारही लक्षणे जुळली पाहिजेत. एकही न जुळल्यास जाणकारास दाखवावे. चव घेऊन परीक्षा करू नये.

यंदाच्या पावसाळ्यातही आई ओसरीवर बसून घोळ निवडते आहे. जुडीत विषखापऱ्याची एखादी काडी सापडली, की ती बाजूला काढते आणि मला हाक मारून दाखवते.