जरा दारात डोकावू या!

वीकेंडला कॅमेरा घेऊन निघालं की सगळे किल्ले नाही तर धबधबे गाठतात. मी दारं शोधते. बहुतेक लोक रांजणगावला महागणपतीचं दर्शन घेऊन मागे फिरतात. तुम्ही तसंच नगर रोडनं पुढे शिरूरला जा, म्हणजे जुन्या घोडनदीला, आणि गल्ल्यांत शिरा. जुनं सागवानी दार दिसलं, की आधी दिंडी बघायची. मोठ्या दरवाज्यातलं ते छोटं दार. सरदार असो की कारकून, वाकल्याशिवाय आत एन्ट्री नाही! चौकटीवर गणपती, जाडजूड कडी-कोयंडा, आत भिंतीत सरकणारा अडसर.

एका दाराला गंजकं कुलूप होतं. शेजारच्या आजी म्हणाल्या, "पोरं पुण्याला असत्यात. दाराला गिऱ्हाईक येऊन गेलं." म्हणजे पुढच्या वेळी हे दार पॉलिश होऊन एखाद्या रिसॉर्टच्या भिंतीला टेकलेलं भेटणार. ना उंबरा, ना ओसरी. म्हणून नुसत्या कडीचा क्लोजअप नको, उंबऱ्यासकट अख्खं दार घ्या. आणि हो, घरच्यांना विचारून!

याच तालुक्यात इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनी, चुली, खांबांचे खड्डे सापडले. लाकूड कुठलं टिकायला!

न्हावरा-चौफुला मार्गे दौंडला आलात, की नक्षी संपते. रेल्वेचं गाव, दारं कामापुरती. तिथल्या एका निळ्या दारावर खडूनं लिहिलं होतं, 'किल्ली शेजारी आहे.'