सामायिकातली डुलकी

सामायिकाच्या 48 मिनिटांत माझी लेक बसल्या बसल्या झोपायची. ‘किती हा प्रमाद!’ म्हणून चारचौघींत मी तिला रागावले. रात्रभर झोपूनही ती वर्गात पेंगायची. खळखळून हसली की गुडघ्यांतलं बळच जायचं. कधी जाग यायची, पण हातपाय हलत नसत.

झोपेची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, नार्कोलेप्सी. जागं ठेवणारं हायपोक्रेटिन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशीच यात नष्ट होतात. बहुधा आपलीच प्रतिकारशक्ती त्यांच्यावर उलटते. यात आळस कुठे आला?

आता औषध चालू आहे; दुपारी थोडा वेळ ती ठरवून झोपते. संवत्सरीची वाट न पाहता मी तिला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटलं. मैत्रिणींनो, लेकराला रागावण्याआधी डॉक्टरांना दाखवा.