बद्द लादी

ग्राइंडरने माझे कान नेले. उंच आवाज आधी गेले, आणि निकोप कोटा फरशीची खणखण नेमकी तिथेच असते. आता सगळ्याच लाद्या मला बद्द वाजतात. वखारीत भाचा ठोकतो आणि मी त्याच्या तोंडाकडे बघतो. 'मामा, हाई बद्द शे,' तो म्हणतो. त्याचं बरोबर असतं, तेच टोचतं. एके काळी मी मान तिरकी करून ठोकायला लागलो की धुळ्याच्या वखारीतले हमाल थांबून बघायचे. तीन ठोक्यांत कळायचं, पण बघणारे असले की मी दहा मारायचो.

तडा डोळ्यांनी पकडता येतो. लादी ओली करायची, वाळू द्यायची. बाकी दगड फिका पडतो, तड्यात ओल थांबते, बारीक काळी रेघ उरते. नख अडकलं तर तडा, सरकलं तर शीर. पण जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला, थप्पीला हात लागत नाही, पाणी रेघ दाखवायच्या आत उडून जातं. म्हणून मी उजाडता वखारीत जातो. वखारवाले तोंड वाकडं करतात.

आतल्या आत सुटलेला पापुद्रा मात्र पाण्यालाही सापडत नाही. वरून लादी साफ. पॉलिशचे सगळे हात होतात आणि मग ऐन बैठकीत टवका निघतो.

दगड काय खानदेशात कमी आहे? साक्री तालुक्यात बळसाण्याची देवळं बघा. पण आपला काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. त्याला थर नाहीत, त्याची पातळ फरशी सुटत नाही. रामगंज मंडीचा कोटा काय, गुलबर्ग्याकडची शहाबादी काय, दोन्ही थराथराने बसलेली चुनखडी, म्हणून तर छिन्नीने सुटते. ज्या थरामुळे फरशी मिळते, त्याच थरामुळे पापुद्राही.

आमच्या फरशीवाल्यांतले बरेच मोरबीच्या टाइलवर गेले. तिला कान लागत नाही. पेटी फोडा, कडा बघा, लावा. पण व्हिट्रिफाइड अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, नुसत्या सिमेंटला नीट धरत नाही. हे लोक सांधा न सोडता टाइलला टाइल भिडवतात आणि उन्हाळ्यात ओळीच्या ओळी उचलल्या की खालच्या मातीला शिव्या देतात. कोट्यावर ॲसिड ओतून चमक घालवणारी गिऱ्हाइकंही पाहिलीत, पण तो दगडाचा दोष नव्हे.

हल्ली भाचा ठोकतो तेव्हा मी लादीवर तळवा ठेवतो. चांगल्या लादीत थरथर शेवटपर्यंत जाते, सुटलेल्या थरावर ती मरते. भाचा हसतो, म्हणतो, मामा, तुमच्या हाताला एवढे घट्टे, त्यात काय कळणार? पण परवा एका लादीला 'बद्द' आधी मी म्हणालो, तो नंतर. मग मी ती तिथेच फोडून वखारवाल्याला आतला पापुद्रा दाखवला. लादीचे पैसे त्याने माझ्याकडून घेतले. मीही घासाघीस न करता दिले.