हाराजुकूच्या पुलावर निळा झगा

टोकियो शहराला वळसा घालणाऱ्या यामानोते या लोकलच्या मार्गावर शिंजुकू आणि शिबुया ही दोन प्रचंड स्टेशने आहेत. त्यांच्या मधे हाराजुकू नावाचे लहान स्टेशन लागते. एका अंगाला १९२० साली उभारलेल्या मेइजी देवालयाचे घनदाट वन, तर दुसऱ्या अंगाला ताकेशिता नावाची साडेतीनशे मीटरची चिंचोळी गल्ली. गल्लीत दोन्ही बाजूंना कपड्यांची, रिबिनींची आणि गोड खाऊची दुकाने. स्टेशनाची १९२४ सालची लाकडी इमारत २०२० मध्ये पाडली गेली. आता तिथे काचेचे नवे स्टेशन आहे. जवळच रुळांवरून जाणारा जिंगू पूल. या पुलावर रविवारी नटूनथटून उभ्या राहणाऱ्या तरुण मुलामुलींमुळे हाराजुकूचे नाव जगभर झाले.

आम्ही चौघी भगिनी जपानला गेलो त्या कोयासानच्या दर्शनासाठी. कुकाई या भिक्खूने नवव्या शतकात स्थापन केलेले हे शिंगोन पंथाचे केंद्र. तेथील विद्यापीठात २०१५ साली परमपूज्य बाबासाहेबांचा पुतळा बसवण्यात आला. एक अंगणवाडी सेविका, एक रुग्णालयातील आया, एक शिलाई कामगार आणि एक कारकून अशा आम्ही चौघींनी चार वर्षे भिशी टाकून हा प्रवास केला. टोकियोत आमची एक जपानी मैत्रीण आहे. भदन्त सुरई ससाई यांचा जन्म जपानचा, त्यामुळे नागपूरच्या बौद्धांना तो देश परका वाटत नाही. ही मैत्रीणही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आली होती. तेव्हा आमच्या वस्तीतल्या बायांनी तिला पांढरी साडी नेसवली होती. निऱ्या कुठे खोचायच्या, पदर कुठे पिन करायचा, हे तिने मुकाट्याने आमच्या हाती सोपवले होते. टोकियोत भेटताच ती मोडक्या हिंदीत म्हणाली, "अब मेरी बारी."

ती जो पोशाख घालते त्याला लोलिता म्हणतात. नाव ऐकून कुणाच्या मनात किंतु येऊ शकेल. नाबोकोव्ह या लेखकाच्या १९५५ सालच्या कादंबरीचे हे नाव, आणि त्या कादंबरीत एक प्रौढ पुरुष अल्पवयीन मुलीवर अत्याचार करतो. या पोशाखाचा त्या प्रकाराशी संबंध नाही. जुन्या युरोपातील श्रीमंत घरच्या मुलांचे झालरीचे झगे पाहून जपानी तरुणींनी तो घडवला. गळा बंद, खांदे झाकलेले, घेर गुडघ्यापर्यंत. तो घालणाऱ्या बाया सांगतात, की पुरुषांनी पाहावे म्हणून आम्ही हे घालत नाही, आम्हाला आवडते म्हणून घालतो. त्यात नोकरदार स्त्रियाही पुष्कळ आहेत. मिसाको आओकी या व्यवसायाने परिचारिका. जपानच्या परराष्ट्र खात्याने २००९ साली त्यांना या वेशाची दूत नेमले होते.

मैत्रिणीने चौघींनाही विचारले. तिघींनी हसून नकार दिला. आमच्यातली सर्वांत धाकटी मात्र तयार झाली. ती कारखान्यात फ्रॉक शिवते, नगावर मजुरी घेते. आजवर हजारो झगे तिच्या मशीनखालून गेले, पण अंगावर एकही चढला नव्हता.

मैत्रिणीचे घर दोन खोल्यांचे. तिने तीन झगे पलंगावर मांडले आणि आधी काहीच न सांगता बाजूला उभी राहिली. धाकटीने पहिल्यांदा झगा उलटा केला. आतली शिवण पाहिली, अस्तर पाहिले, लेस चिमटीत धरून पाहिली. "ताई, लेस सुती आहे. आणि कच्ची कड कुठेच दिसत नाही," ती म्हणाली. असा नवा झगा तीस हजार येनच्या घरात जातो. येन म्हणजे आपले अर्ध्या रुपयाहून थोडे जास्त. हिशेब केला तर तिची महिन्याची मजुरीही त्याला पुरणार नव्हती. मैत्रिणीनेही सगळे नवे घेतलेले नव्हते. जुने, वापरलेले झगे विकणारी दुकाने तिथे आहेत, त्यातून तिने वर्षानुवर्षे जमवलेले.

सजवण्याची रीत आतून बाहेर चालते. आधी झालरीची आखूड चड्डी. त्यावर पॅनिएर नावाचा जाळीच्या कापडाचा फुगीर परकर, त्याच्यामुळेच घेर घंटेसारखा उभा राहतो. मग पांढरा ब्लाउज, त्यावर बिनबाह्यांचा झगा, लांब मोजे, पट्ट्याचे बूट आणि डोक्यावर रिबिनीची गाठ. झग्याच्या छपाईतला एक रंग निवडायचा आणि तोच मोजे, रिबीन, पिशवी यांत पुन्हा आणायचा, म्हणजे सगळा वेश एकजीव दिसतो. प्रत्येक वस्तू हातात घेऊन मैत्रीण विचारी, "ठीक है?" मान हलली की मगच पुढे जाई.

दोन ठिकाणी मान हलली नाही. टोपासारखे सोनेरी केस पुढे आले तेव्हा धाकटी म्हणाली, "केस माझेच राहू देत." टोप पिशवीत गेला. दुसरी गोष्ट गळ्यातल्या लॉकेटची. त्यात बाबासाहेबांचे चित्र आहे. गुलाबी झग्याच्या गळ्याला मोठा फुलांचा बिल्ला होता, त्याखाली लॉकेट झाकले जात होते. "हे वरच दिसलं पाहिजे," ती म्हणाली. मैत्रीण क्षणभर थांबली. मग तिने गुलाबी झगा घडी करून ठेवला, निळा उचलला, बिल्ला काढला आणि निळ्या रिबिनीवर लॉकेट मधोमध बसवले. रिबीन, मोजे, पिशवी सगळे पुन्हा निळ्यावर जुळवले. पाऊण तासाची मेहनत तिने मोडली, पण कपाळाला आठी नाही.

पोशाख हा आपल्या समाजाला कधीच किरकोळ विषय नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना वेगळे बोलावून सांगितले, की जात ओळखू येईल असे लुगडे नेसणे सोडा, गळ्यातले आणि हातातले जडशीळ दागिने टाकून द्या. आपल्या आज्यांचा वेश दुसऱ्यांनी ठरवून दिलेला होता.

जपानातही हे घडले आहे. मेलेली जनावरे ओढणे, कातडे कमावणे या कामांमुळे तिथे एका समाजाला अस्पृश्य ठरवले होते. त्यांना आज बुराकू समाज म्हणतात. ओकायामा संस्थानाने १८५५ साली हुकूम काढला, की या लोकांनी नक्षी नसलेले, काकी नावाच्या फळाच्या तुरट रसात किंवा निळीत रंगवलेले कपडेच वापरावेत. १८५६ मध्ये सुमारे दीड हजार माणसे या हुकुमाविरुद्ध चालून गेली. हुकूम अमलात आला नाही, पण बारा पुढारी तुरुंगात गेले आणि त्यातले सहा जण तिथेच मेले. कायद्याने ही अस्पृश्यता १८७१ साली संपली. तरी १९२२ साली क्योतोमध्ये सुइहेइशा ही लढाऊ संघटना त्यांना स्थापन करावी लागलीच. महाडच्या सत्याग्रहाआधी पाच वर्षांची ही गोष्ट. कपड्याच्या रंगासाठी माणसांनी प्राण दिले, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

महाडच्या बायांनी वेश बदलला तो वेगळे ओळखू येऊ नये म्हणून. हाराजुकूच्या मुली वेश करतात तो उठून दिसावे म्हणून. दिशा उलट्या दिसतात, पण माझ्या अंगावर काय असावे हे मी ठरवणार, हा हक्क एकच आहे. या हक्कात मैत्रिणीच्या हाताला जागा आहे, कारण ती विचारते आणि नाही म्हटले की थांबते.

दुपारी आम्ही पुलावर गेलो. रविवारी वाहने बंद ठेवून रस्ता मोकळा सोडण्याची तिथली प्रथा १९९८ मध्ये संपली. पूर्वीची गर्दी आता नाही, तरी चार-सहा जणी होत्या. एका परदेशी प्रवाशाने न विचारता कॅमेरा रोखला, तेव्हा मैत्रिणीने हात आडवा धरला. त्याने माफी मागून परवानगी विचारली. धाकटीने नाही म्हटले आणि तो निघून गेला. "ताई, नाही म्हटलं तर गेला की," एवढेच ती म्हणाली आणि बराच वेळ पुलाच्या कठड्याशी उभी राहिली.

फोटो घरी पाठवावा का, यावर चौघींत चर्चा झाली. सासर जुन्या वळणाचे, चाळीत बोलणारी तोंडे शंभर. शेवटी तिनेच ठरवले, "नुसता फोटो पाठवला तर लोक माझ्यामागे बोलतील. मी समोर असले तर मला विचारतील." परतल्यावर महिला मंडळाच्या बैठकीत वंदना झाल्यावर तिने फोटो सर्वांना दाखवला. सासूबाई पुढेच बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून आधी लॉकेट पाहिले, मग विचारले, "घेराला कापड किती लागलं गं?"

धाकटीने झगा परत करण्याआधी वितीने मापे घेऊन वहीत उतरवली होती. आता कागदावर बेत कापून झाला आहे. पॉपलीनचे कापड, सुती लेस आणि मच्छरदाणीच्या जाळीचा परकर असा बेत आहे. वस्तीतल्या दोन मुलींनी झग्यासाठी नावे दिली आहेत. रंग कोणता, ते अजून ठरायचे आहे. ते त्या दोघी सांगतील.